अंतराळवस्तीतलं एफवाय: गोष्ट लिहिण्याआधीची आकडेमोड

मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा असो की कॉलेजचा वार्षिकांक, मुंबईतल्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना अंतराळवस्तीतल्या कॉलेजची गोष्ट खुणावते. ती जरूर लिहावी. घर सोडून आलेली अठरा वर्षांची मुलगी, अनोळखी रूममेट, मेसचं जेवण, पहिली केटी (म्हणजे नापास होऊन राहिलेला विषय) हे सगळं तिथंही असेलच. पण वस्तीचे दोन आकडे आधी ठरवले नाहीत, तर तिसऱ्या पानावर पात्रं तरंगतात आणि चौथ्या पानावर तीच पात्रं बाकावर पाय हलवत बसतात. हे दोन आकडे म्हणजे वस्तीची त्रिज्या आणि मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या. अशी वस्ती चाकासारखी स्वतःभोवती फिरते, माणसं तिच्या घेराच्या आतल्या बाजूवर पाय टेकून राहतात, आणि या फिरण्यामुळेच त्यांना वजन जाणवतं.

या कल्पनेचा पहिल्या वर्षाशी खरंच संबंध आहे. प्रिन्स्टन विद्यापीठात 1969 साली जेरार्ड ओ'नील यांनी पदार्थविज्ञानाच्या नव्या विद्यार्थ्यांपुढे प्रश्न ठेवला: वाढत्या औद्योगिक संस्कृतीसाठी ग्रहाचा पृष्ठभाग ही योग्य जागा आहे का? त्यातून पुढे 1975 साली नासाचा उन्हाळी अभ्यासगट बसला आणि त्याने 10,000 माणसांसाठी 1.8 किलोमीटर व्यासाच्या, मिनिटाला एक फेरी घेणाऱ्या, बांगडीसारख्या पोकळ कड्याचा आराखडा केला.

सूत्र सोपं आहे. त्रिज्या मीटरमध्ये घ्या, मिनिटातल्या फेऱ्यांच्या वर्गाने गुणा, 895 ने भागा. उत्तर 1 आलं की पृथ्वीइतकं वजन. म्हणजे 1 फेरीसाठी त्रिज्या 895 मीटर लागते, 2 फेऱ्यांसाठी 224, आणि 4 फेऱ्यांसाठी फक्त 56. लहान वस्ती बांधायला स्वस्त, पण राहायला त्रासदायक, कारण जितकं जोरात फिरावं तितकी चक्कर जास्त. गोष्टीसाठी 224 मीटर आणि 2 फेऱ्या ही जोडी आम्हाला सर्वांत चांगली वाटते: माणसं सरावतात, आणि विचित्र गोष्टी डोळ्यांना दिसतील इतक्या मोठ्या राहतात. पुढचे सगळे आकडे याच वस्तीचे आहेत. हिचा परीघ 1.4 किलोमीटर, म्हणजे सतरा-अठरा मिनिटं चाललं की माणूस निघाला तिथंच परत येतो. लोकल चुकल्याची सबब इथं नाही, आणि ज्याच्याशी भांडण झालं तो दिवसातून चारदा समोर येणार. कथानकासाठी हे फार मोलाचं आहे.

आता दिशा. वस्ती ज्या बाजूला फिरते ती सुलट, विरुद्ध ती उलट, आणि तिसरी आसाला, म्हणजे वस्ती जिच्याभोवती फिरते त्या मधल्या रेषेला, समांतर. कागदावर वर्तुळ काढून बाण दाखवा आणि हॉस्टेल, मेस, वर्गखोल्या त्यावर मांडा. हा नकाशा नसेल तर पुढची प्रत्येक गोष्ट चुकते.

जमिनीचा स्वतःचा वेग सेकंदाला 47 मीटर असतो. लेक्चर गाठायला सेकंदाला 5 मीटर वेगाने सुलट धावलं, तर हे वेग एकमेकांत मिळतात आणि 60 किलोच्या मुलीला आपलं वजन 74 किलो झाल्यासारखं वाटतं. उलट धावली तर 48. नवं पोर सुलट धावून दमतं, जुने विद्यार्थी लांबचा पण उलटा रस्ता धरतात. कोण नवं आणि कोण जुनं हे सांगायला यापेक्षा चांगला तपशील मिळणार नाही.

वस्तू हातातून पडली तर पायाशी पडत नाही, थोडी उलट बाजूला पडते. किती, ते असं काढा: उंचीची दुप्पट करा, तिला तिच्याच वर्गमुळाने गुणा, मग त्रिज्येच्या वर्गमुळाच्या तिपटीने भागा. दीड मीटरवरून सुटलेलं पेन सुमारे 12 सेंटिमीटर सरकतं. कॅन्टीनमध्ये 40 सेंटिमीटर उंचीवरून ओतलेली चहाची धार मात्र दीड सेंटिमीटरच सरकेल, म्हणजे कटिंगच्या ग्लासातच पडेल, पण कडेला. इथं हमखास होणारी चूक म्हणजे सगळंच वाढवून सांगणं. ब्यूरेटमधून 5 सेंटिमीटर पडणारा थेंब एक मिलिमीटरही हलत नाही, त्यामुळे केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल पृथ्वीवरच्यासारखंच होतं.

क्रिकेट लिहिणार असाल तर खेळपट्टी आसाला समांतर टाका. सेकंदाला 25 मीटर वेगाचा चेंडू सुलट टाकला तर तो पृथ्वीच्या 2.3 पट जोराने खाली ओढल्यासारखा पडतो. उलट टाकला तर ओढ पाचव्या हिश्शाइतकीच उरते आणि तो फलंदाजाच्या डोक्यावरून जाईल. आसाला समांतर टाकलेला चेंडू मात्र जवळजवळ ओळखीचा वागतो.

चक्कर येते ती डोकं फिरवण्याच्या दिशेमुळे. वस्तीच्या आसाभोवतीच डोकं फिरलं तर कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्या गोंधळत नाहीत, दुसऱ्या आसाभोवती फिरलं की गोंधळतात. म्हणून बाकं सुलट किंवा उलट दिशेला तोंड करून मांडावीत, म्हणजे फळा आणि वही यांच्यात वरखाली होणारी मान निर्धोक राहते. शेजारणीशी कुजबुजायला मान झटकन वळवली की मात्र मळमळ. पहिल्या आठवड्यात नवे विद्यार्थी यावरूनच ओळखू येतील: ते मान न वळवता अख्खं अंग वळवतात.

लिफ्टचं विसरू नका. सेकंदाला 3 मीटर वेगाने आसाकडे चढणाऱ्या लिफ्टमध्ये माणूस सुलट भिंतीकडे ढकलला जातो. 60 किलोच्या मुलीवर हा दाब सुमारे 8 किलो वजनाइतका असतो, म्हणजे जमीन सात अंश कलल्यासारखी वाटते. उतरताना उलट भिंत. अर्ध्या त्रिज्येवरच्या मजल्यावर वजन निम्मं होतं. एक मीटरच्या लंबकाचा झोका तिथं 2 सेकंदांऐवजी 2.8 सेकंद घेतो, आणि हे एफवायचं अगदी साजेसं प्रॅक्टिकल आहे. तरंगणं फक्त आसापाशीच.

हे सगळं आधी अंगाने अनुभवायचं असेल तर बागेतल्या गोल चक्रीवर दोघांनी समोरासमोर बसा आणि तिसऱ्याला ती हळू फिरवायला सांगा. मोबाइल चक्रीलाच घट्ट बांधून चित्रीकरण चालू ठेवा. मग मऊ चेंडू सरळ समोरच्याकडे घरंगळू द्या. तो वळलेला दिसेल. चक्री चार सेकंदांत फेरी घेत असेल तर ते मिनिटाला 15 होतं, म्हणून वळण वस्तीपेक्षा पुष्कळ ठळक असतं. भरल्या पोटी बसू नका.

मेसमधलं जेवण हवेच्या दाबावर ठरतं. 1975 च्या आराखड्यात हवेचा दाब पृथ्वीच्या साधारण निम्मा धरला होता, ऑक्सिजन पुरेसा ठेवून नायट्रोजन कमी केलेला. निम्म्या दाबाला पाणी 81 अंशांवर उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही, आणि कुकरमध्येही 120 ऐवजी 111 अंशच मिळतात, म्हणून शिट्ट्या वाढवाव्या लागतात. फोडणीचा धूर खिडकीतून जाणार नाही. तो गाळणीत अडकतो आणि गाळणी कुणीतरी धुवावी लागते. ते काम नव्या मुलांच्या वाट्याला द्या.

खिडकीतून स्थिर तारे पाहत बसणारी नायिका काढून टाका. त्याच आराखड्यात किरणोत्सारापासून बचावासाठी दर चौरस मीटरला साडेचार टन चांद्रमातीचं कवच आहे. ऊन आरशांवरून आत येतं. लहान झरोका ठेवलाच तर त्यातलं आकाश दर 30 सेकंदांनी एक फेरी पुरी करेल.

शेवटी घरचा फोन. वस्ती चंद्र आणि पृथ्वी या दोघांपासून, त्या दोघांमधल्या अंतराइतक्याच अंतरावर धरली तर पृथ्वी 3,84,400 किलोमीटर दूर राहते, आणि प्रश्न विचारल्यापासून उत्तर येईपर्यंत 2.6 सेकंद जातात. वस्तीचं घड्याळ आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकासारखं ग्रिनिचच्या वेळेवर चालत असेल, तर लालबागला रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तिथं दुपारचे साडेतीन, म्हणजे प्रॅक्टिकलची वेळ. आई-मुलीचा संवाद लिहिताना "अगं पण", "ऐक तर" अशी मधली तोडातोड ठेवू नका. मध्ये बोललेलं उशिरा पोहोचतं आणि दोघींची वाक्यं एकमेकींवर आदळतात. सरावलेली माणसं लांब, पूर्ण वाक्यं बोलतात आणि शेवटी "बोल आता" म्हणतात. दोघा मित्रांना हा संवाद मोठ्याने वाचायला लावा, प्रत्येक वाक्यानंतर मनात अडीच सेकंद मोजून. ज्या जागी वाचताना अडखळायला होतं, ती वाक्यं पुन्हा लिहा.