खानदेशातल्या लहान मुलांसाठी शिकण्याचा डिजिटल खेळ कसा घडवावा

मोबाइलवर चालणारा शैक्षणिक खेळ तयार करताना बहुतेक जण आधी पडदे सजवतात आणि मुलांना शेवटी बोलावतात. हा क्रम उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी बेरजेचा खेळ करायचा आहे असे धरून पुढील पद्धत मांडली आहे.

सुरुवात पाठकोऱ्या कागदावर करावी. त्यावर पडदे काढावेत, बटणांच्या जागी पुठ्ठ्याचे तुकडे ठेवावेत आणि दोन मुलांना शेजारी बसवून खेळू द्यावे. अनोळखी मोठ्या माणसासमोर एकटे मूल गप्प बसते. जोडीदार मिळाला की ते त्याला समजावू लागते आणि आपल्याला हवी असलेली बरीचशी माहिती त्या बोलण्यातूनच मिळते. मुलांच्या चार भूमिका ॲलिसन ड्रुइन या अमेरिकी संशोधिकेने सांगितल्या आहेत: वापरणारा, तपासणारा, माहिती देणारा आणि रचनेतला भागीदार. शेवटची भूमिका वेळखाऊ आहे, परंतु निदान कागदाच्या टप्प्यावर तरी पेन्सिल मुलांच्या हाती द्यावी.

भाषेचा निर्णय याच टप्प्यावर घ्यावा, कारण तो नंतर बदलणे महाग पडते. धुळ्याकडच्या अनेक घरांत अहिराणी बोलतात, रावेर-यावल पट्ट्यात लेवा बोली ऐकू येते, तर धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलाची घरची भाषा पावरी किंवा भिली असू शकते. नुकतेच वाचू लागलेल्या मुलासाठी सूचना लिहून न दाखवता ऐकवाव्यात आणि त्या गावातल्याच एखाद्या ताईच्या आवाजात ध्वनिमुद्रित कराव्यात. ‘येथे ठेवा’ यापेक्षा ‘आठे ठेव’ हे अहिराणी मुलाला लगेच कळते. बेरीज, एकक, दशक हे शब्द मात्र शाळेतलेच ठेवावेत, म्हणजे वर्गातला फळा आणि खेळ यांची फारकत होणार नाही. संख्यावाचनाचीही काळजी घ्यावी. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २०१९ पासून ‘पन्नास तीन’ अशी जोडीची वाचनपद्धत आली, घरी मात्र ‘त्रेपन्न’च म्हणतात, म्हणून आवाजात दोन्ही पर्याय असावेत.

चित्रे परिसरातली हवीत, पण ती खरीही हवीत. दशक शिकवण्यासाठी दहा केळ्यांची फणी काढण्याचा मोह जळगाव जिल्ह्यात हमखास होतो. केळीच्या बागेत वाढलेल्या मुलाला ठाऊक असते की घडातल्या सगळ्या फण्या सारख्या नसतात आणि वरच्या फणीत दहापेक्षा बरीच जास्त केळी असतात. त्याच्या माहितीला खोटे पाडणारे चित्र त्याला गणितापासून दूर नेते. दशकासाठी काड्यांचा गठ्ठाच वापरावा. घड-फणी अंदाज बांधण्याच्या आणि ‘कोणत्या फणीत जास्त?’ अशा प्रश्नांना शोभते.

चुकीच्या उत्तरावर कर्कश आवाज किंवा लाल फुली नको. पाच अधिक चार याचे उत्तर मुलाने आठ दिले, तर पाच आणि चार चिंचोके एका ओळीत मांडावेत, त्याखाली त्याचे आठ मांडावेत आणि एक चिंचोका उरलेला त्याला स्वतःच दिसू द्यावा. सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी घडवलेल्या ‘लोगो’ या संगणकभाषेमागेही हीच दृष्टी होती: चूक म्हणजे शोधून दुरुस्त करण्याची गोष्ट.

बटणे सुमारे दोन सेंटिमीटरची असावीत आणि कडेपासून आत असावीत, कारण फोन धरलेल्या हाताचा अंगठा कडेला लागतो. वस्तू ओढून नेण्याऐवजी आधी वस्तूला आणि मग जागेला असा दोनदा स्पर्श करण्याची सोय ठेवावी. लहान बोट मध्येच उचलले जाते आणि उन्हाळ्यातल्या घामाने पडदा चुकीचा प्रतिसाद देतो. खेळ इंटरनेटशिवाय चालावा. एका फोनभोवती तीन-चार मुले जमतातच, म्हणून पाळ्या खेळातच बसवाव्यात.

चाचणीत ‘आवडला का?’ असे विचारू नये, मोठ्यांचे मन राखण्यासाठी मुले ‘हो’ म्हणतात. जॅनेट रीड आणि स्टुअर्ट मॅकफार्लेन या संशोधकांची सोपी युक्ती उपयोगी पडते: प्रत्येक कृतीपुढे ‘पुन्हा करायचे का?’ एवढेच विचारून ‘हो’, ‘कदाचित’, ‘नाही’ यांपैकी एकावर खूण करायला सांगावी.

खेळ थांबवणे सोपे असणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. रोज न आल्यास बक्षीस गमावण्याची भीती घालू नये आणि पुढची फेरी आपोआप सुरू होऊ देऊ नये. मधूनच ‘अंगणातून सात खडे आण’ अशी कामे द्यावीत. धाकटे भावंड शेजारी बसून पाहतेच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असल्यास उत्तम, अशी सांगितली आहे.

मुलाचे नाव, फोटो किंवा ठिकाण मागू नये. ओळखीसाठी पोपट, बैलगाडी, पतंग अशी चित्रे पुरतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण मूल धरला आहे, त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती सांगितली आहे आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींस मनाई केली आहे. म्हणून प्रगतीची नोंद फोनमध्येच राहावी आणि ती पुसण्याचे बटण शिक्षकांना व पालकांना सहज सापडेल अशा जागी ठेवावे.