स्वस्त इलेक्ट्रिक गिटार सुधारावी, बांधावी की नवी घ्यावी?

१५-२० हजार रुपयांच्या आत मिळणारी इलेक्ट्रिक गिटार घेऊन वर्ष-दीड वर्ष झाले, की ती विकून दुप्पट-तिप्पट किमतीची घ्यावी, हा विचार मनात घोळू लागतो. माझे मत असे की नेक, म्हणजे गिटारीची लांब दांडी, सरळ असेल तर ती गिटार विकू नये, तिच्यावर थोडे पैसे आणि बरेच तास खर्च करावेत. मात्र लाकडाच्या फळीपासून सगळी गिटार स्वतः बांधायला निघायचे असेल, तर ते शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी असावे. पैसे वाचवण्यासाठी नको, कारण त्यात पैसे वाचत नाहीत.

सुधारणेला वाव मिळतो तो या वाद्याच्या रचनेमुळे. फेंडर गिटारींचा निर्माता लिओ फेंडर हा मुळात कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. बिघडलेला भाग काढून नवा बसवता यावा, ही दुरुस्ती करणाऱ्याची दृष्टी त्याने गिटारीत आणली आणि १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये नेक बॉडीला चार स्क्रूंनी जोडलेली ठेवली. आज बाजारातल्या बहुतेक स्वस्त गिटारी याच आराखड्यावर बेतलेल्या असतात, त्यामुळे एक स्क्रूड्रायव्हर आणि एक सोल्डरिंग आयर्न असले, तरी त्यांतील जवळजवळ प्रत्येक भाग बदलता येतो.

पहिली तपासणी नेकची. गिटार डोळ्यासमोर धरून बॉडीच्या टोकाकडून नेकच्या दोन्ही कडांवरून नजर टाकावी. नेक पुढे-मागे वाकलेली असेल तर तिच्या आत बसवलेल्या धातूच्या सळईने, म्हणजे ट्रस रॉडने, ती सरळ होते. पण पिळलेली असेल, म्हणजे दोन कडांचा वाक वेगवेगळा दिसत असेल, तर त्या गिटारीवर पैसे घालू नयेत. वाक मोजण्यासाठी पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबावी. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीहून किंचित कमी फट राहिली पाहिजे. ट्रस रॉड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की आवळतो आणि फट कमी होते. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये, आवळण्यापूर्वी तारा सैल कराव्यात आणि रॉड जागचा हलत नसेल तर जोर लावण्याऐवजी गिटार जाणकाराकडे न्यावी.

यानंतर नट, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाशी तारांना खाचांत धरणारा तुकडा, आणि इथे मी मुद्दाम थांबतो, कारण स्वस्त गिटार बेसूर वाटण्यामागे बहुतेक वेळा हा प्लॅस्टिकचा दीड इंची तुकडाच असतो. खाच जास्त खोल गेली तर अख्खा नट बदलावा लागतो, म्हणून कारखान्यात खाचा उथळच ठेवल्या जातात. परिणाम असा की मोकळ्या तारा ट्यूनरवर अचूक लागतात, पण पहिल्या फ्रेटवर बोट ठेवताच तार जास्त ताणली जाते आणि स्वर चढतो. माझ्या पहिल्या गिटारीवर सी कॉर्ड कधीच जुळत नसे. मी खुंट्यांना दोष देत राहिलो, त्या बदलल्यासुद्धा, आणि दोष तसाच राहिला. तपासायचे असेल तर तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर पाहावे. तिथे कागद जेमतेम सरकेल एवढीच फट हवी. जास्त असेल तर खाच हलक्या हाताने खोल करावी. नटच्या खास कानशींचा चांगला संच महाग असतो. वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात टॉर्चचे नोजल साफ करण्यासाठी बारीक गोल कानशी मिळतात, त्यांवर माझे काम भागले. दर चार-पाच घासण्यांनंतर तार बसवून पाहावी. चुकून खाच खोल गेलीच, तर त्यात चिमूटभर खायचा सोडा भरून वर फेविक्विकचा एक थेंब टाकावा. क्षणात दगडासारखे घट्ट होते आणि खाच पुन्हा घासता येते.

घासताना कानस हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकाच्या, बाजूला किंचित उतरती ठेवावी, म्हणजे तार फ्रेटबोर्डाकडच्या कडेवरच टेकेल. मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्याच्या घोडीला पसरट, किंचित गोलाई देऊन जवारी काढतात. तार त्या पृष्ठभागाला स्पर्शत कंप पावते आणि तो गुंजारव उमटतो. गिटारीच्या नटवर खाच सपाट किंवा उलट्या उताराची झाली तर अगदी तसाच झिणझिणाट येतो, आणि इथे तो दोष ठरतो.

मग ब्रिजकडे, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागाकडे, वळावे. बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवलेला स्वर त्याच जागी नुसत्या स्पर्शाने काढलेल्या हार्मोनिकपेक्षा चढा असेल, तर सॅडल (ब्रिजवर तार ज्यावर टेकते तो छोटा तुकडा) मागे, म्हणजे नेकपासून दूर सरकवावे. उतरा असेल तर पुढे घ्यावे. हे काम नव्या तारांवर करावे, कारण जुनी तार खरा सूर सांगत नाही. उन्हाळ्यात फ्रेटबोर्डाचे लाकूड आकसून फ्रेटांची टोके तळहाताला खरवडू लागली, तर कडेला मास्किंग टेप लावून बारीक कानशीने ती तिरपी घासावीत. एखादाच फ्रेट उंच असेल तर तीन फ्रेटांवर टेकेल एवढी लहान सरळ पट्टी ठेवावी. ती मधल्या फ्रेटवर डुगडुगली की दोषी फ्रेट सापडला. इथवर खर्च जवळपास नाही, आणि गिटार ओळखू येणार नाही इतकी बदललेली असते.

आता वायरिंग. तारांना हात लावल्यावर ॲम्प्लिफायरमधून येणारी गुणगुण कमी होत असेल तर अर्थिंगची जोडणी शाबूत आहे आणि आतल्या खोबणीला तांब्याची टेप लावून ती अर्थला जोडणे पुरेसे आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर अर्थची वायर कुठेतरी सुटलेली असण्याचा संभव मोठा. गिटारीच्या तारा ॲम्प्लिफायरच्या अर्थला जोडलेल्या असतात, म्हणून ज्या घरात तीन पिनांच्या सॉकेटला खरे अर्थिंग नाही, तिथे आधी इलेक्ट्रिशियन बोलवावा; हे जिवाशी निगडित आहे. पिकअप म्हणजे तारांचा कंप विजेच्या संकेतात बदलणारा भाग. एका गुंडाळीच्या, म्हणजे सिंगल कॉइल पिकअपना २५० किलोओहमचे आणि दोन गुंडाळ्यांच्या हंबकरना ५०० किलोओहमचे पॉट, म्हणजे आवाजाच्या बटणाखालचे फिरते नियंत्रण, लावण्याची रीत आहे. पिकअप मात्र सगळ्यांत शेवटी बदलावेत. त्याआधी ॲम्प सुधारला तर तेवढ्याच पैशांत आवाजात अधिक फरक पडतो.

सुटे भाग मागवण्यापूर्वी मोजपट्टी हातात घ्यावी. स्वस्त गिटारींत पॉटचे भोक बऱ्याचदा ८ मिलिमीटरचे असते, अमेरिकी मापाच्या पॉटला साडेनऊच्या आसपास लागते. ब्रिजवरील तारांचे एकूण अंतर कुठे साडेबावन्न तर कुठे ५६ मिलिमीटर असते. बॉडी पातळ असेल तर ट्रेमोलोचा, म्हणजे दांडीने स्वर हलवणाऱ्या ब्रिजचा, पूर्ण मापाचा ब्लॉक मागून बाहेर डोकावतो. मी एकदा न मोजता ब्रिज मागवला, त्यावर सीमाशुल्कही भरले, आणि तो आजही डब्यात पडून आहे.

पूर्ण गिटार बांधण्याचे सर्वांत हृद्य उदाहरण ‘क्वीन’ या बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांचे आहे. महाग गिटार परवडत नव्हती म्हणून १९६३ मध्ये त्यांनी वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली. नेक जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची, ट्रेमोलोच्या स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या इंजिनातल्या. पण त्या कामाला सुमारे दोन वर्षे लागली आणि घरात इलेक्ट्रॉनिक्स व हत्यारे जाणणारे वडील होते. रंधा, पटाशी, राउटर, शिकंजे हे सगळे विकत घ्यावे लागणाऱ्याने ते हिशेबात धरावे.

बांधायचीच असेल तर नेक तयार घ्यावी आणि बॉडी स्वतः करावी. नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी ६४८ मिलिमीटर असेल तर नटपासून पहिला फ्रेट ३६.३७ मिलिमीटरवर येतो, या लांबीला १७.८१७ ने भागायचे, उरलेल्या लांबीला पुन्हा तेवढ्यानेच, असे पुढे जायचे. विसाव्या फ्रेटपाशी अर्ध्या मिलिमीटरची चूक सुमारे ४ सेंटने, म्हणजे अर्धस्वराच्या पंचविसाव्या भागाने सूर हलवते. हाताने करवत चालवून फ्रेटच्या खाचा पाडणाऱ्याला ही अचूकता पहिल्याच नेकवर साधत नाही. बॉडीसाठी आपल्याकडे सागवान सहज मिळते आणि चांगले टिकते, पण ते तेलकट असल्याने जोडाच्या बाजू ॲसिटोनने पुसून लगेच चिकटवाव्या लागतात.

दोन महिन्यांवर कार्यक्रम असेल किंवा पुढेमागे विकण्याचा विचार असेल, तर कारखान्यातली चांगली गिटार घ्यावी. सुधारणेवर घातलेले पैसे विक्रीत परत येत नाहीत. सुधारायला घेतलीत तर काढलेला प्रत्येक मूळ भाग, स्क्रूंसकट, लेबल लावून ठेवावा. आणि पावसाळा संपल्यावर हवा कोरडी झाली की नेकचा वाक पुन्हा एकदा मोजावा, कारण जूनमध्ये लावलेला ट्रस रॉड नोव्हेंबरमध्ये तसाच योग्य राहील असे नाही.