आवर्तसारणीतला दशांशवाला आकडा आणि अर्धा न्यूट्रॉन

केमिस्ट्री नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी लिहितेय, प्रोटॉन-न्यूट्रॉन-इलेक्ट्रॉन म्हणजे काय ते माहीत आहे असं धरून चालते. सगळ्यात आधी, 118 मूलद्रव्यं पाठ करायच्या फंदात पडू नका. पहिली 20 क्रमाने आली आणि गण (सारणीतल्या उभ्या रांगा) 1, 2, 17, 18 ओळखीचे झाले की सुरुवातीला भागतं. सगळी यादी गाण्यात बसवून घोकून घेणारे सर मला कधीच पटले नाहीत, गाणं लक्षात राहतं पण सोडिअम इतका उतावळा का ते कळत नाही (बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, तो द्यायला टपलेला).

आता मी जिथे बराच काळ अडकले होते ते. "न्यूट्रॉन हवेत? वजनातून अणुअंक वजा कर" हा शॉर्टकट सगळेच सांगतात (वजन म्हणजे आवर्तसारणीच्या चौकटीतला दशांशवाला आकडा, अणुअंक म्हणजे प्रोटॉनची संख्या). कार्बन 12 − 6 = 6, सोडिअम 23 − 11 = 12, उत्तर बरोबर येतं म्हणून सवय लागते. मग येतो क्लोरीन, 35.5 − 17 = 18.5. अर्धा न्यूट्रॉन?? सिनिअरला विचारा, तो म्हणणार राउंड ऑफ कर. अजिबात करू नका! ब्रोमीन घ्या, 79.9 चे केले 80, वजा 35, आले 45. छान पूर्ण आकडा, संशय यायला जागाच नाही, आणि निसर्गात 45 न्यूट्रॉनवाला ब्रोमीन सापडतच नाही. साधारण निम्मे अणू 79 चे (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून 79) म्हणजे 44 न्यूट्रॉनवाले, बाकीचे 81 चे, 46 वाले. तांब्याचंही तेच, 63.55 चे 64 कराल पण निसर्गात असतात ते 63 आणि 65.

चौकटीतला तो आकडा समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याचे, प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन वेगवेगळे असलेले अणू) सरासरी आहे, आणि तीही प्रमाणानुसार. क्लोरीनचे साधारण 76 टक्के अणू 35 चे, 24 टक्के 37 चे, म्हणून सरासरी 36 न येता 35.5. सोडिअमला निसर्गात एकच समस्थानिक आहे आणि कार्बन जवळपास 99 टक्के 12 चाच, म्हणून तिथे शॉर्टकट खपून गेला. न्यूट्रॉन विचारले की आधी समस्थानिक कुठला दिलाय ते बघा, क्लोरीन-37 असेल तर 37 − 17 = 20. दिलाच नसेल तर प्रश्न अपुरा आहे, तुम्ही ढ नाही.

एवढं डोक्यात बसलं की पुढचं बरंच सोपं जातं, खरंच. आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने 1869 मध्ये मूलद्रव्यांची वजनाच्या क्रमाने मांडणी केली, पण टेल्युरिअम (127.6) आयोडीनच्या (126.9) आधी ठेवला कारण गुणधर्म तसे जुळत होते, वजनच चुकीचं मोजलं असेल असं त्याला वाटलं. वजन ठीकच होतं. 1913 मध्ये मोझली या शास्त्रज्ञाने क्ष-किरणांवरून दाखवलं की क्रम ठरतो केंद्रकावरच्या प्रभारावर, म्हणजे प्रोटॉनवर. अरगॉन-पोटॅशियमचा उलटा क्रम (जास्त वजनाचा अरगॉन आधी) बघून आता दचकायचं कारण नाही, अरगॉन बहुतेक सगळा 40 चा आणि पोटॅशियम मुख्यतः 39 चा, एवढंच.

आणि टेक्नेशियमसारख्या (अणुअंक 43) काही चौकटींत वजन कंसात दिसेल. त्याला स्थिर समस्थानिकच नाही, मग सरासरी कशाची काढणार, म्हणून एका निवडलेल्या समस्थानिकाचा अणुवस्तुमानांक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची बेरीज) लिहितात. तिथे बिनधास्त वजाबाकी करा.