लाउटरब्रुनेनच्या दरीत मुक्काम: खोली बघण्याआधीची यादी

खोलीचे फोटो सगळ्यात शेवटी बघा. स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेनच्या दरीत जायचं ठरलं की आपण आधी नेमकं तेच उघडतो: लाकडी बाल्कनी, लाल फुलांच्या कुंड्या, मागे बर्फाचा डोंगर. त्या दरीत असा फोटो नसलेली खोली शोधूनही सापडणार नाही. बघायचं ते हे, की दिवसभर चालून पाय बोलायला लागलेत, वर पाऊस लागलाय, अशा वेळी तुम्ही त्या खोलीपर्यंत पोचणार कसे.

त्यासाठी एक कागद घ्या आणि दरीचं उभं चित्र काढा. तळाशी, साधारण ८०० मीटरवर, लाउटरब्रुनेन. पूर्वेच्या कड्यावर वेंगेन, सुमारे १,२७० मीटर. पश्चिमेच्या कड्यावर म्युरेन, सुमारे १,६४० मीटर, आणि त्याच्या खालच्या अंगाला गिमेलवाल्ड, १,३६० च्या आसपास. सपाट नकाशावर वेंगेन आणि म्युरेन शेजारी-शेजारी दिसतात, पण मध्ये आख्खी दरी आहे. इकडून तिकडे जायचं तर तळापर्यंत उतरायचं आणि पुन्हा वर चढायचं, त्यात अर्धी सकाळ जाते.

मग त्या कागदावर आपल्याला चालायच्या वाटा लिहा. मेनलिखेनच्या डोंगरावरून क्लाइन शाइडेगच्या खिंडीपर्यंतची साडेचार किलोमीटरची सोपी, जवळजवळ उताराचीच वाट आणि पुढे आगगाडीने युंगफ्राउयोख ही बर्फातली खिंड, हे मुख्य असेल तर वेंगेन. शिल्टहॉर्नचं शिखर, आल्मेंडहुबेलची टेकडी आणि समोर आयगर, म्योन्श, युंगफ्राउ ही तीन शिखरं ओळीत बघत चालायचं असेल तर म्युरेन. आणि ‘तीन दिवसांत सगळंच बघू’ म्हणणारी मंडळी बरोबर असतील (प्रत्येक ग्रुपमध्ये असतात) तर गुपचूप लाउटरब्रुनेनलाच राहा. इंटरलाकेन ओस्टहून आगगाडी तिथे वीस मिनिटांत आणून सोडते आणि दोन्ही कड्यांवर जायची वाट तिथूनच फुटते. मात्र तळाला दोन्ही बाजूंनी उभे कडे आहेत, त्यामुळे वरच्या गावांत ऊन असताना खाली सावली पडलेली असते. धुतलेले मोजे वाळवायची आशा असेल तर हे लक्षात घ्या.

वेंगेन आणि म्युरेन, दोन्हीकडे बाहेरच्या गाड्यांना प्रवेश नाही. वेंगेनला दातेरी रुळांची गाडी जाते. म्युरेनला दोन बाजूंनी जाता येतं, आणि इथेच आम्ही फसलो. एक वाट लाउटरब्रुनेनहून रोपवेने ग्रुचाल्प आणि पुढे कड्याच्या काठाने जाणारी छोटी गाडी, जी गावाच्या उत्तर टोकाला थांबते. दुसरी दरीच्या तळाशी आणखी आत असलेल्या श्टेखेलबर्गहून येणारी रोपवे, तिचं स्थानक दक्षिण टोकाला. मध्ये दहा-पंधरा मिनिटांची चाल. आमच्या हॉटेलने लिहिलं होतं, ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’. खोटं नव्हतं, फक्त स्टेशन दुसरं होतं. आम्ही गाडीने उतरलो, दोन चाकांच्या बॅगा डांबरी चढावर खडखडवत निघालो, आणि बाबा दर पन्नास पावलांवर ‘केवढं सुंदर दृश्य’ म्हणत थांबायला लागले. ते दृश्यासाठी थांबत नव्हते हे आईने मला रात्री सांगितलं.

तेव्हा खोली पक्की करण्याआधी मालकांना चार प्रश्न लेखी पाठवा: जवळचं स्थानक कोणतं, रेल्वेचं की रोपवेचं, तिथून रस्ता चढाचा की उताराचा, खोली कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का, बॅगा न्यायला कोणी येतं का. जुन्या लाकडी घरांत लिफ्ट असेलच असं गृहीत धरू नका. वेंगेनला एकच स्थानक आहे, पण गाव उतारावर पसरलंय, त्यामुळे हाच प्रश्न तिथेही विचारा. दुसऱ्यांच्या जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबू नका. डिसेंबर २०२४ पासून श्टेखेलबर्ग-म्युरेन ही नवी सरळ रोपवे सुरू झाली आहे, जगातली सगळ्यात खडी, १५९ टक्के चढाची (म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना १५९ मीटर वर). त्याआधीचे मार्ग आणि वेळा आता कामाच्या नाहीत. शेवटची केबिन किती वाजता, हे एसबीबीच्या (स्विस रेल्वेच्या) ॲपमध्ये तुमच्याच तारखेला तपासा. रेस्टॉरंटमध्ये गप्पा रंगल्या आणि शेवटची केबिन गेली, तर मागून रिक्षा येणार नाही.

भाड्याची तुलना करताना नुसता खोलीचा आकडा धरू नका. खाली स्वस्त खोली घेऊन रोज वर जायचं म्हणजे माणशी जाण्या-येण्याचं तिकीट आलं. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर तो वेंगेन आणि म्युरेनपर्यंत चालतो, त्याच्या वर फक्त सवलत मिळते. म्हणजे पास असलेल्याला वर राहणं फारसं महागात पडत नाही. त्यात माणशी रात्रीचा पर्यटक-कर आणि फ्लॅट घेतलात तर शेवटच्या साफसफाईचे पैसे मिळवा. हॉटेलच्या नावात ‘गार्नी’ असेल तर न्याहारी मिळते, रात्रीचं जेवण नाही. ‘हाल्बपेन्सिओन’ म्हणजे दोन्ही. खोलीच्या वर्णनात ‘एटागेनडुशे’ दिसलं तर न्हाणीघर मजल्यावर सगळ्यांत मिळून एक. त्यात वाईट काही नाही, पण हे सासूबाईंना तिथे पोचल्यावर कळू नये.

शाकाहारी कुटुंब असेल तर माझं मत स्पष्ट आहे: स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घ्या. चौथ्या दिवशी चीज आणि बटाट्याकडे बघवत नाही. मसाला, पोहे, मूगडाळ इथून न्या. तूप, खवा, पनीर मात्र नको, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून स्वित्झर्लंडमध्ये नेता येत नाहीत. म्युरेनच्या उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे तूरडाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही. छोटा कुकर न्या नाहीतर मुगावर भागवा. फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा, धुराचा अलार्म मोहरीला ओळखत नाही. ग्रुचाल्पच्या केबिनखाली एक पाळणा लटकवलेला असतो, त्यात सामान भरून वर जाताना दिसतं. म्युरेनच्या दुकानात ब्रेड चार पैसे महाग का, हे तो पाळणा पाहिल्यावर विचारावं लागत नाही. रविवारी दुकान किती वाजेपर्यंत उघडं आहे, हे शनिवारीच बघा.

गिमेलवाल्डबद्दल थोडंच सांगतो: शे-सव्वाशे वस्तीचं खरंखुरं शेतकऱ्यांचं गाव, म्युरेनहून अर्ध्या-पाऊण तासाचा उतार. तरुणांनी, पाठीवर एकच सॅक असलेल्यांनी जरूर राहावं. रात्री गाईंच्या घंटा ऐकू येतात. हे रोमँटिक वाटतं ते पहिल्या रात्री.

तारखा ठरवताना दोन काळ टाळा. ऑक्टोबर अखेर ते डिसेंबरची सुरुवात, आणि एप्रिल-मे. तेव्हा बरीच हॉटेलं बंद असतात आणि रोपवे देखभालीसाठी थांबतात. आपली मे महिन्याची सुट्टी नेमकी यात सापडते. वरच्या वाटांवर जूनमध्येही बर्फ असू शकतो. जुलै-ऑगस्टला सगळं चालू असतं, पण चांगले फ्लॅट कित्येक महिने आधी जातात आणि बरेचसे शनिवार ते शनिवारच देतात.

शेंगेन व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाचा पुरावा लागतो, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. म्हणून आधी रद्द करता येईल असं बुकिंग करा आणि रद्द करायची शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. बुकिंगवर सगळ्यांची नावं पासपोर्टप्रमाणे आहेत ना, तेही पाहा.

शेवटी पिनचं. आपल्या चार्जरची दोन गोल पायांची पिन तिथे चालते, तीन पायांची नाही, तेव्हा ॲडॅप्टर घ्या. मोठ्या बॅगा इंटरलाकेन ओस्टच्या लॉकरमध्ये टाकून तीन दिवसांचे कपडे एका सॅकमध्ये घेऊन वर जा. आणि मालकांचा फोन नंबर कागदावर लिहून बाबांच्या खिशात ठेवा. छोट्या हॉटेलांचं रिसेप्शन संध्याकाळी लवकर बंद होतं, किल्ली कुठल्या डब्यात ठेवलीय ते फोनवरच कळतं, आणि त्या वेळी आपल्या मोबाइलची बॅटरी दोन टक्क्यांवर असते.