योद्ध्यांचा ग्रह रचताय? या चुका टाळा

दादरला एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आम्ही विज्ञानकथा लिहिणारे महिन्यातून एका शनिवारी जमतो. तिथे येणारी हस्तलिखितं मी बरीच वर्षं वाचते आहे. लढवय्या परग्रहवासीयांची कथा दर पावसाळ्यात एखादी तरी येतेच. लाल आकाश, आठ फुटी योद्धे, हजार वर्षांचं युद्ध. पहिलं प्रकरण धडाक्यात जातं, दुसऱ्यातही रक्त सांडतं आणि तिसऱ्यात लेखक अडतो.

मालाडला रात्रपाळी करणारा एक मुलगा असाच अडून बसला होता. त्याच्या योद्ध्यांचं नाव तर्घाळ. मी विचारलं, "अरे, हे सहा पायांच्या जनावरांवर बसून स्वारीला निघतात ना? मग त्या जनावरांना पाणी कोण पाजतं?" तो म्हणाला, "ताई, तिथे सगळेच लढतात." कथा नेमकी तिथेच अडली होती.

सगळेच लढतात, मग पिकवतं कोण?

ही चूक सगळ्यांत मोठी, म्हणून हिच्यापाशी जरा जास्त थांबते. लढणाऱ्याचं पोट कुणाच्या कष्टावर भरतं, हे ठरवल्याशिवाय योद्ध्यांच्या जमातीला इतिहास येत नाही.

शिकायला लांब जायला नको. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी. ही उतरंड आपण शाळेत पाठ केलेली असते. तिच्या शेजारचा तपशील मात्र नजरेतून निसटतो: दर पंचवीस स्वारांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. एक पाणी वाहणारा, एक नाल ठोकणारा. हे दोघे नसतील तर ती पंचवीस घोडी फार दूर जाणार नाहीत. आणखी एक गोष्ट बघा. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा. एवढ्या फरकावर मान, पगार, रुसवेफुगवे सगळं फिरतं. तुमच्या ग्रहावर शस्त्र आणि वाहन कुणाच्या मालकीचं, हे एकदा ठरवा. निम्मी समाजरचना त्यातूनच उभी राहते.

लढाईलाही हंगाम असतो. पावसाळ्यात फौजा छावणीला परतायच्या आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलुखगिरीवर निघायच्या. तोवर नद्या उतरलेल्या असायच्या, वाटा वाळलेल्या असायच्या, वैरण तयार असायची. पानिपतावर रसद तुटली. सैन्याबरोबर यात्रेकरू होते, बायकामुलं होती, बाजारबुणगे होते. त्या सगळ्यांची पोटं होती. १४ जानेवारी १७६१ रोजी फौज बाहेर पडली ती उपासमारीने गांजलेली. लढाईची तारीख रिकाम्या कोठ्यांनी ठरवली. तर्घाळांच्या ग्रहावर पीक कधी हाताशी येतं आणि रसद कुठल्या खिंडीतून जाते, हे आधी वहीत लिहा. युद्धं कुठे आणि कधी झाली, ते त्यावरून कळेल.

गुरुत्वाकर्षण वाढवलंत, मग हे ग्रह सोडून निघाले कसे?

योद्धे बलवान दिसावेत म्हणून ग्रहाचं गुरुत्वाकर्षण दुप्पट करायची फार हौस असते. करा, पण हिशोब पुरता करा. पृथ्वीइतक्याच घनतेचा आणि दुप्पट त्रिज्येचा ग्रह घेतला तर वस्तुमान आठपट होतं आणि पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण दुप्पट. मुक्तिवेगही, म्हणजे ग्रहाच्या ओढीतून सुटायला लागणारा वेगही, दुप्पट होतो: पृथ्वीवर सेकंदाला ११.२ किलोमीटर, तिथे २२.४. इंधन मात्र दुपटीवर भागत नाही, कैक पटींनी वाढतं, कारण इंधन उचलायलाही इंधन जाळावं लागतं. म्हणजे ज्या ग्रहाने त्यांना बलवान केलं, तोच त्यांना सोडायला तयार नाही. मला यात अख्खी कादंबरी दिसते. पहिलं यान सोडण्यासाठी त्यांनी कुठली जंगलं, कुठल्या खाणी, कुणाची गावं पणाला लावली असतील? बहुतेक लेखक ही सोन्याची खाण एका ओळीत ओलांडून जातात.

आठ फुटी उंचीचंही तसंच. गॅलिलिओने १६३८ साली दाखवून दिलंय की शरीर सर्व बाजूंनी दुप्पट केलं तर हाडाचा छेद, म्हणजे भार पेलायची ताकद, चौपट होते आणि वजन आठपट. तर्घाळांच्या ग्रहावर तो भार सोळापट होईल. तिथले योद्धे बुटके, रुंद, जाड हाडांचे असतील आणि पडण्याला भयंकर घाबरत असतील. पडायला घाबरणारा योद्धा मला तरी आठ फुटी राक्षसापेक्षा जास्त जिवंत वाटतो.

हे आकडे कोण तपासणार, असं समजू नका. १९७४ साली जयंत नारळीकरांनी टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. ज्या भाषेत खगोलशास्त्रज्ञाने कथा लिहिल्या, तिथला वाचक हिशोब करून बघणारच.

लाल सूर्याखालचं वय

लाल खुजा तारा, म्हणजे लहान आणि मंद तारा, घेतलात तर पुरेशी ऊब मिळावी म्हणून ग्रह त्याच्या अगदी जवळ ठेवावा लागतो. २०१६ मध्ये शोध जाहीर झालेल्या प्रॉक्सिमा सेंटॉरी बी या ग्रहाचं वर्ष साधारण ११ दिवसांचं आहे. तसल्या ग्रहावर 'वीस वर्षांचा सेनापती' लिहिलात तर आपल्या हिशोबाने तो साडेसात महिन्यांचा, म्हणजे नुकतं बसायला लागलेलं बाळ. शिवाय इतक्या जवळच्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहण्याची शक्यता मोठी. तिथे 'पहाटे हल्ला झाला' हे वाक्य लिहिताच येणार नाही.

आणि अख्ख्या ग्रहाला एकच हवामान देऊ नका. महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यातला माण तालुका दुष्काळी.

इतिहास म्हणजे सनावळी नव्हे

तीन पानांची सनावळी जोडलेली हस्तलिखितं येतात. इतका मोठा इतिहास आणि पात्रांच्या तोंडी त्याची खूणसुद्धा नसते. एकदा चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडा आणि दरवाजा शोधा. नाही सापडणार. मुंबईच्या जुन्या किल्ल्याचा तो दरवाजा होता सध्याच्या फ्लोरा फाउंटनच्या जागी, स्टेशनपासून चांगला चालत जाण्याइतक्या अंतरावर. १८६० च्या दशकात तटबंदी पाडली, दरवाजा गेला, नाव उरलं, आणि लाखो माणसं रोज त्या नसलेल्या दरवाजाचं तिकीट काढतात. जुनी मंडळी अजून 'कोटात जातो' म्हणतात, कोट नसतानाही. तुमच्या ग्रहावर अशी दोन नावं ठेवा, ज्यांचा अर्थ खुद्द पात्रंही विसरली आहेत. सनावळीची तीन पानं लिहायची गरजच उरणार नाही.

नावं

अवघड जोडाक्षरं कोंबून नाव परग्रहावरचं होत नाही. आपली वर्णमाला मुखातल्या जागेनुसार रचलेली आहे: कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ. तिचा उपयोग करा. मालाडच्या मुलाच्या तर्घाळांना चोच आहे, ओठ नाहीत. मग त्यांच्या बोलीत प, फ, ब, भ, म असणार नाहीत. व नाही, उ आणि ओसुद्धा नाहीत. आम्ही त्या शनिवारी त्याची नावांची यादी घेऊन बसलो आणि एकेक नाव खोडत गेलो. सेनापती भोमर गेला, नदी उपली गेली. तर्घाळ तेवढं नशिबाने टिकलं. मग तो थांबला आणि म्हणाला, "म्हणजे यांच्या भाषेत आईला म नाही." त्या क्षणी त्याची जमात त्याला पहिल्यांदा दिसली असावी, असं मला वाटतं.

तरीही अडलात तर

संवाद सगळे एकाच आवाजात येत असतील तर लढाईच्या विरोधात असलेला एक तर्घाळ घरातच शोधा, शत्रूकडे नको. शत्रू पुठ्ठ्याचा वाटत असेल तर तो काय खातो ते बघा. शेवट सुचत नसेल तर बहुधा ग्रहाची एखादी अट तुम्ही मध्येच विसरला आहात; पहिली दहा पानं परत वाचा.

मालाडचा मुलगा पुढच्या महिन्यात तिसरं प्रकरण घेऊन आला. ते होतं नालबंदाचं. वेढ्याच्या रात्री म्हातारा नालबंद जनावराचा पाचवा पाय मांडीवर घेऊन खुरातला खडा काढतो आणि मुलाला सांगतो, उद्यापासून आपण नाल ठोकायचे नाहीत. दोन दिवसांत जनावरं लंगडायला लागतात आणि सेनापतीला खाली उतरून चालावं लागतं. वाचून झाल्यावर मागून कुणीतरी विचारलं, "एका जनावराला सहा नाल, मग एवढं लोखंड येतं कुठून?" तो वही उघडून ते लिहून घेत होता.