रबर बँड लावलेला फोन आणि बीएल-५सी

परवा एक आजी दुकानात आल्या. हातात कीपॅडचा फोन, त्याला कोथिंबिरीच्या जुडीचा रबर बँड गुंडाळलेला. म्हणाल्या, "झाकण बसंना झालंय रं, नवं दे."

झाकणाला काही झालं नव्हतं. आत बॅटरी फुगली होती आणि तीच झाकणाला बाहेर रेटत होती. सांगोल्यात एसटी स्टँडसमोर बसून मला वीसेक वर्षं झाली. रबर बँड लावलेला फोन आला की मी आधी बॅटरीच बाहेर काढतो. हे काम तुम्ही घरीही करू शकता. माझं थोडं गिऱ्हाईक कमी होईल, होऊ दे.

फोन बंद करा, चार्जर काढा. झाकण सरकवा, बॅटरीच्या कडेला खाच असते तिथे नख घालून वर उचला. चाकू, स्क्रूड्रायव्हर अजिबात नको. फुगलेल्या बॅटरीला टोक लागलं की आत शॉर्ट होऊन पेट घेते.

आता ती सपाट काचेवर किंवा फरशीवर ठेवा आणि एका कोपऱ्याला टिचकी मारा. चांगली बॅटरी घासत जाते, अर्ध्या वळणात थांबते. फुगलेली मधोमध टेकलेली असते, त्यामुळे भोवऱ्यासारखी गरगर फिरते. दोन्ही बाजूंनी करून बघा, कधी एकच बाजू फुगते. आजींची तर इतकी फिरली की काउंटरवरून खाली पडायची बाकी होती. आतलं द्रावण बिघडून वायू तयार होतो आणि पाकीट फुगतं. ते परत बसत नाही. फ्रीजमध्ये ठेवा, उन्हात ठेवा, वर वजन ठेवा, हे सगळे उपाय ऐकलेत मी. एकही करू नका. फिरली की ती बॅटरी संपली.

फुगलेली नाही, पण टिकत नाही, असं असेल तर मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, वीस व्होल्ट डीसीवर लावा आणि बॅटरीच्या कडेच्या दोन धातूच्या पट्ट्यांना टेकवा. बॅटरीवर ३.७ व्होल्ट छापलेलं असतं, पण पूर्ण चार्ज करून लगेच मोजली तर ४.१ ते ४.२ दिसायला हवं. मग फोनच्या बाहेर रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. आकडा जवळपास तोच असेल तर बॅटरी बरी आहे, दोष फोनात किंवा चार्जरमध्ये शोधा. ३.८ वर घसरला असेल तर ती आतून गळतेय. काही जण मेलेल्या बॅटरीला नऊ व्होल्टचा झटका देऊन जिवंत करतात. मीही नवखा असताना करायचो. एकदा पट्टीपाशी धूर निघाला, त्यानंतर नाही.

नवी घेताना जुनी सोबत न्या. बॅटरीवर छापलेला नंबर तोच हवा. बीएल-५सी, बीएल-४सी, बीएल-५बी या लांबून बहिणी वाटतात, पण जाडी आणि खाचा वेगळ्या. सगळ्यात जास्त खपते ती बीएल-५सी. २००३ च्या नोकिया ११०० मध्ये हीच होती आणि आज भजनाच्या छोट्या रेडिओतही हीच बसते. नोकियाच्या बीएल-५सीवर १०२० एमएएच लिहिलेलं असायचं, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप. त्याच आकाराच्या, हाताला हलक्या लागणाऱ्या बॅटरीवर कुणी ३००० छापलं असेल तर छापणारा धीट आहे, एवढंच. त्यापेक्षा लेबलवर आयएस १६०४६ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि 'आर' पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. तो नोंदणी क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की कोणत्या कंपनीच्या नावावर आहे ते कळतं.

बसवण्याआधी फोनातल्या तीन पिना बघा. हिरवट दिसत असतील तर शाळेच्या खोडरबराने पुसा, दबल्या असतील तर टूथपिकने हलकेच उचला. बॅटरीवर कडेच्या दोन पट्ट्या अधिक आणि उणे. मधल्या पट्टीवरून फोन बॅटरी ओळखतो. रेडिओवाले बहुधा कडेच्या दोनच वापरतात. पट्ट्यांची बाजू आधी पिनांना भिडवा, मग दुसरं टोक खाली दाबा. पहिल्यांदा आठ तास चार्ज करायची गरज नाही, ती जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळातली सवय. रेडिओ महिनोन्‌महिने कपाटात जाणार असेल तर अर्धी चार्ज करून बॅटरी वेगळी काढून ठेवा.

जुनी घंटागाडीत टाकू नका, कचरा दाबताना पेटते. पट्ट्यांवर चिकटपट्टी लावा, कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याला द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती वेगळी देणं आपल्यावरच टाकलंय.

बॅटरी काढणं आपल्याकडे घरोघरी पोचलं ते ऑगस्ट २००७ मध्ये. मात्सुशिता या जपानी कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ मध्ये बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी चार्जिंगला असताना शॉर्ट होऊन तापू शकतात, बदलून देऊ, असं नोकियाने जाहीर केलं. माझं दुकान तेव्हा नवं. लोक बॅटरी रुमालात बांधून आणायचे, "नंबर वाचून सांग" म्हणायचे. आजचा बंद पाठीचा फोन असता तर काय रुमालात बांधणार? त्यात बॅटरी गोंदाने चिकटवलेली असते, तो घरी उघडायच्या फंदात पडू नका. युरोपियन युनियनने २०२३ साली कायदा केलाय, १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतली बॅटरी, काही अपवाद सोडून, गिऱ्हाइकाला स्वतः बदलता आली पाहिजे. आपल्याकडे येईल तेव्हा येईल.

आजींना एकच धास्ती होती, "लेकीचा नंबर जाईल का रं?" नंबर जात नाहीत, ते सिममध्ये नाहीतर फोनच्या मेमरीत असतात. जाते ती तारीख आणि वेळ. फोन सुरू झाला तर पडद्यावर १ जानेवारी, रात्रीचे बारा. घड्याळ लावून दिलं, काकड्याचा पहाटे साडेचारचा गजर चालू आहे ना ते बघितलं. झाकण टक्‌ करून बसलं. आजींनी रबर बँड उचलून मनगटात अडकवला.