चालू युद्ध कसं समजून घ्यावं, आणि त्यावर वाद कसा घालावा

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर चढाई केली, तेव्हा कीव्ह चार-दोन दिवसांत पडेल असं भल्याभल्यांना वाटत होतं. पुढच्या वर्षी युक्रेनचं प्रतिआक्रमण थेट अझोव्ह समुद्राला जाऊन भिडेल, हेही तितक्याच ठामपणे सांगितलं गेलं. कीव्ह पडलं नाही आणि प्रतिआक्रमण दक्षिणेतल्या रोबोतिने गावाच्या आसपास अडकलं. म्हणून भाकितं जरा बाजूला ठेवून आधी घडलेलं नीट वाचायला शिकावं. उदाहरणं याच युद्धातली घेतो, कारण त्याबद्दल बसल्या जागी पडताळता येईल असं पुष्कळ काही उघड्यावर आहे.

१. ताज्या बातमीवर लगेच बोलू नका

१५ नोव्हेंबर २०२२ ला पोलंडमधल्या प्शेवोदुव गावात क्षेपणास्त्र पडून दोघे मेले. रशियाने नाटोच्या भूमीवर हल्ला केला, अशी आवई काही तासांत जगभर पसरली. दुसऱ्याच दिवशी पोलंड आणि नाटो यांनी सांगितलं, की ते बहुधा युक्रेनच्याच हवाई संरक्षणाचं क्षेपणास्त्र होतं. काळ्या समुद्रातल्या स्नेक बेटावरचे युक्रेनी सैनिक आधी मृत म्हणून जाहीर झाले, नंतर ते रशियाच्या कैदेत असल्याचं कळलं. एक दिवस थांबल्याने तुमचं काहीच बिघडत नाही.

२. सांगणारा कोण, आणि त्यात त्याचा फायदा कोणता?

एप्रिल २०२२ मध्ये ‘मोस्क्वा’ ही रशियन युद्धनौका बुडाली. युक्रेन म्हणालं, आमच्या नेपच्यून क्षेपणास्त्रांनी बुडवली. रशिया म्हणाला, आग लागून दारूगोळ्याचा स्फोट झाला. नौका बुडाली, यावर मात्र दोघांचं एकमत. वाद असलेल्या प्रत्येक घटनेत आधी हा समान भाग शोधावा.

सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे सांगणाऱ्याच्या स्वतःच्या गैरसोयीचा पुरावा. समजा, एखादं गाव आमच्याच ताब्यात आहे असं युक्रेन म्हणतंय, आणि त्याच गावाच्या मधल्या रस्त्यावर रशियन सैनिकांना ड्रोनने टिपल्याचा व्हिडिओ युक्रेनच्याच तुकडीने टाकला. मग रशियन तिथपर्यंत पोहोचले होते हे उघड आहे, प्रवक्ता काहीही म्हणो. याउलट छपरावर झेंडा फडकवल्याचा व्हिडिओ फार थोडं सांगतो: काही सैनिक कधीतरी तिथे पोहोचले, एवढंच. ते तिथे टिकले का, हे त्यातून कळत नाही.

व्हिडिओ कुठला आहे हे ठरवणारे लोक रस्त्याचं वळण, झाडांच्या रांगा, चर्चचा घुमट उपग्रहाच्या चित्राशी जुळवून बघतात. झाडांना पाने आहेत की नाहीत यावरून ऋतूचाही अंदाज येतो. सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटर तपशिलाची चित्रं कुणालाही फुकट बघता येतात. नासाच्या आगींच्या नकाशावर मोठे उष्ण ठिपके दिसतात, पण शेतातला पेंढा जाळला तरी ठिपका उमटतो आणि ढग आले की काहीच दिसत नाही.

३. नकाशा हा धावफलक नाही

बहुतेकांची गाडी इथेच घसरते. डीपस्टेट हा युक्रेनी नकाशा आणि अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट फॉर द स्टडी ऑफ वॉरचा नकाशा, दोन्ही शेजारी उघडून ठेवावेत. ते जिथे जुळत नाहीत तिथे परिस्थिती धूसर आहे असं समजावं. आधी रंगांची सूची वाचा. रशियाने नुसता दावा केलेला भाग आणि अभ्यासकांनी मान्य केलेला ताबा इन्स्टिट्यूटच्या नकाशावर वेगळे दाखवलेले असतात. आणि ड्रोनच्या सुळसुळाटानंतर आघाडीची ‘रेषा’ म्हणजे कित्येकदा दोन्हीकडच्यांना डोकं वर काढता येत नाही असा काही किलोमीटरचा पट्टा असतो.

रेषा हलली नाही म्हणजे काही घडलं नाही, असंही नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात खेरसन शहरासमोरची रेषा जवळपास जागच्या जागी होती. पण जुलैपासून युक्रेनची हायमार्स ही अमेरिकी लांब पल्ल्याची रॉकेटं द्नीप्रो नदीवरच्या अंतोनिव्स्की पुलाला भोकं पाडत होती. नदीच्या पश्चिमेकडच्या रशियन फौजेची रसद आटत गेली आणि नोव्हेंबरमध्ये रशियाने तो किनारा सोडून दिला. ११ तारखेला युक्रेनी सैनिक शहरात शिरले. पूल, रेल्वेचे फाटे, कोठारं कुठे आहेत हे ज्याने पाहिलं होतं, त्याला याचं फारसं आश्चर्य वाटलं नसणार. बाखमूतचं उलट झालं. एका शहरासाठी कित्येक महिने झुंज झाली, मे २०२३ मध्ये वाग्नर या रशियाच्या भाडोत्री फौजेने ते जिंकल्याचं जाहीर केलं, आणि त्यामागे मोठी मुसंडी काही आली नाही.

४. आकडा कशाचा, ते विचारा

हताहतांच्या आकड्यात जखमीही येतात. तो मृतांचा आकडा म्हणून पुढे ढकलू नये. शत्रूचे किती पडले, हे युक्रेनचं सेनामुख्यालय रोज जाहीर करतं. स्वतःच्या मृतांबद्दल मात्र क्वचितच बोललं जातं. फेब्रुवारी २०२४ मध्ये झेलेन्स्की यांनी ३१,००० हा आकडा सांगितला होता. ओरिक्स हा गट गमावलेल्या वाहनांपैकी छायाचित्र असलेलीच मोजतो. मीडियाझोना हे स्वतंत्र रशियन वृत्तसंकेतस्थळ आणि बीबीसीची रशियन सेवा नावानिशी खात्री झालेले रशियन मृत मोजतात. असे आकडे म्हणजे खालची मर्यादा. ‘निदान इतके’ हे शब्द त्यांच्यापुढे लावायचे.

५. आता वाद

काय झालं, त्याने लढाईत काय फरक पडला, आणि न्याय कुणाच्या बाजूने आहे, हे तीन वेगळे वाद आहेत. आक्रमण अन्यायाचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्यावरून युक्रेनचं अव्दीव्का शहर पडणार नाही असं म्हणता येत नव्हतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पडलं. ‘अमुक मागे हटतंय’ म्हणणाऱ्याला लगेच तमक्याचा भाट ठरवणं हा या तिन्हींची खिचडी केल्याचा परिणाम असतो.

भाकीत करायचंच तर तारीख आणि ठिकाण घालून करावं. ‘रशिया थकलाय’ या वाक्याला कुणी खोटं ठरवू शकत नाही. ‘तीन महिन्यांत अमुक शहर युक्रेनच्या हातून जाईल’ हे मात्र तपासता येतं. ते कुठेतरी लिहून ठेवावं, समोरच्याचंही. मग एकमेकांना विचारावं: काय दिसलं तर तुम्ही मत बदलाल? उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं तर विषय बदलावा.

एक पथ्य राहिलं. युद्धकैद्यांचे चेहरे दिसणारे व्हिडिओ वादात पुरावा म्हणूनही पुढे पाठवू नयेत. कैद्यांना लोकांच्या कुतूहलापासून संरक्षण द्यावं, असं तिसऱ्या जिनिव्हा कराराचं १३वं कलम सांगतं. ते बंधन राष्ट्रांवर आहे, पण घरी त्या माणसाची आई आहे, आणि तिच्याही हातात फोन असतो.